दुसरा ब्रेक

ताईंचा उजवा पाय कुठेही स्वस्थ बसत नसे. बावीस वर्षं ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईचा पाय तो! शिकाऊ गाडीत ताईंच्या सीटपुढे त्यांच्यापुरता एक वेगळा ब्रेक बसवलेला होता, आणि शिकणारा चुकला की हा पाय खाली जायचा. सवय इतकी हाडीमाशी भिनलेली, की बसमध्ये, धाकट्या दिराच्या गाडीत, एवढंच काय, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीतसुद्धा पाय मधूनच दाबला जाई. "ताई, मी थांबू का?" असं डॉक्टरांनी एकदा यंत्र हातात धरून विचारलं होतं.

तर या ताईंचं एक गुपित होतं. ते त्यांच्या नवऱ्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी त्या 'चाकवेडे' नावाच्या ऑनलाइन गटात शिरल्या. गाडी चालवण्याचं वेड असलेली चार-पाच हजार माणसं तिथे दिवसभर इंजिनं, टायर आणि वळणं यांवर काथ्याकूट करायची. ताईंनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावाने क्लचबद्दल एक रास्त प्रश्न विचारला. उत्तर आलं, "वहिनी, आधी स्वयंपाकघरातून रिव्हर्समध्ये बाहेर यायला शिका." खाली शंभर जण हसले. ताई तडक बाहेर पडल्या. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पंधरा दिवसांनी त्या परतल्या, तेव्हा त्यांचं नाव होतं 'दुसरा ब्रेक'. कोणी ओळखलं नाही. उलट लोक त्यांना 'सर' म्हणू लागले.

गटाचा एक रिवाज होता: शेंडी. नवा कोणी आला की त्याच्या पहिल्या प्रश्नाला सगळ्यांनी मिळून, अगदी गंभीर चेहऱ्याने, एक धादांत खोटं उत्तर द्यायचं. नवखा फसला तर आनंदीआनंद, नाही फसला तर तो आपला माणूस. नियम एकच, संध्याकाळपर्यंत शेंडी कोणी सोडवायची नाही. एकदा उतारावर गाडी कशी चालवावी असं कोणा नवख्याने विचारलं, आणि ताईंनी लिहिलं, "उतारावर सरळ न्यूट्रल करावं. ब्रेक गार राहतात, पेट्रोल वाचतं. गिअर टाकला तर इंजिन फुटतं." गट हसून लोटपोट झाला. त्या दिवसापासून 'दुसरा ब्रेक' जाणकारांच्या पंगतीला बसला. इतकं उघड खोटं कोण मानणार, असं ताईंना वाटलं होतं. तेव्हाचे नवखे चाळिशीतले होते, गाडीखाली झोपून हात काळे केलेले. आता सतरा-अठरा वर्षांची पोरं येतात, हातात तीन आठवड्यांचं लायसन्स, हे ताईंच्या ध्यानात यायला हवं होतं. ते आलं नाही.

त्या दिवशी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी ताई ड्रायव्हिंग स्कूलच्या एका खोलीच्या ऑफिसात डबा उघडून बसल्या होत्या. पुढचा शिकाऊ साडेबाराला यायचा होता. एका हाताने जेवत त्यांनी दुसऱ्या हाताने गट उघडला.

सकाळची एक पोस्ट वर आली होती. "नमस्कार, मी नवीन आहे. आज पहिल्यांदा घाट उतरणार, आईसोबत. ब्रेक तापू नयेत म्हणून काय करावं? आमच्या ताई 'काठी धरायची' असं शिकवायच्या. पण इथले अनुभवी लोक काय म्हणतात?"

ताईंचा घास तोंडातच राहिला. काठी! हा शब्द जगात दुसरं कोणी वापरत नव्हतं. म्हातारी आजी उतरताना आधी काठी टेकते, मग पाऊल टाकते. तसा उतारावर आधी खालचा गिअर टाकायचा, म्हणजे इंजिनच गाडी आवरतं, मग ब्रेकला हात... म्हणजे पाय लावायचा. ही त्यांची स्वतःची शिकवणी. पोस्टशेजारचा फोटो गेल्याच महिन्यात पास झालेल्या चष्मेवालीचा होता. एकदा सांगितलं की दगडावरची रेघ, अशी ती मुलगी.

खाली उत्तरांची रांग लागली होती. "काठी? हाहा, स्कूलवाल्या ताई!" "ते परीक्षेपुरतं असतं बाळा." आणि सगळ्यात वर, गट चालवणाऱ्या कप्तानने, ताईंचीच जुनी ओळ डकवली होती. "उतारावर सरळ न्यूट्रल करावं. गिअर टाकला तर इंजिन फुटतं. आमचे दुसरा ब्रेक सर सांगून गेलेत." तिच्याखाली साठ अंगठे.

आणि मुलीचं शेवटचं वाक्य, अकरा वीसचं: "खूप धन्यवाद सर! निघतोय आम्ही."

ताईंनी खरकट्या हातानेच टाइप केलं, "थांब! न्यूट्रल अजिबात नको! ती थट्टा आहे!" संदेश गेला, आणि डोळ्यांदेखत नाहीसा झाला. कप्तानने पुसला होता. लगेच त्याचा खासगी निरोप आला, "सर, आपलीच शेंडी आपणच सोडता? नियम तुम्हाला सांगायला हवा का? असं कोणी खरंच करतं थोडंच!"

"करते!" ताई रिकाम्या खोलीत ओरडल्या.

रजिस्टर काढून त्यांनी मुलीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. आणि तिसऱ्या वेळी ताईंना आठवलं, की गाडी चालू असताना फोन मेला असं समजायचं, देव आला तरी उचलायचा नाही, हे त्यांनीच तर घोकून घेतलं होतं. मुलगी गुणी होती. ती उचलणार नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

रजिस्टरात पालकांचाही एक रकाना असतो. तिथे आईचा नंबर होता. आईने चौथ्या रिंगला उचलला.

"अगंबाई, ताई तुम्ही! आम्ही घाटातच आहोत हो. इतकी अलगद चाललीय गाडी, आवाजसुद्धा नाही."

आवाजसुद्धा नाही. "काही वास येतोय का?"

"हो, मघापासून जळकट येतोय. पुढच्या ट्रकचा असेल."

"ट्रकचा नाही. फोन तिच्या कानाशी धरा. स्पीकर लावा. लवकर!"

खरखर झाली, आणि मुलीचा आवाज आला. तो पार बदललेला होता. "ताई... पेडल खाली जातंय. दाबलं तरी थांबत नाहीये."

"काटा किती?"

"सत्तर. पुढे वळण आहे."

ताई उभ्या राहिल्या. आवाज मात्र त्यांनी शिकवतानाचा ठेवला, ना चढा ना पडका. "ब्रेक पटापट दाब आणि सोड, दाब आणि सोड. थोडा जोर येईल. आता क्लच. काठी धर. तिसरा गिअर."

"पण ताई, गटात म्हणाले, गिअर टाकला तर इंजिन फुटतं! दुसरा ब्रेक सर म्हणाले! त्यांना सगळे मानतात!"

पलीकडे आई काहीतरी पुटपुटत होती. वाऱ्याचा आवाज वाढत होता. ताईंना वाटलं, समजावत बसावं इतका वेळच नाही, आणि ही पोर आता आपल्यापेक्षा त्या माणसावर जास्त विश्वास ठेवते.

"तो माणूस खोटारडा आहे," त्या म्हणाल्या. "मी ओळखते त्याला. काठी धर!"

गिअरचा खटका ऐकू आला. मग इंजिन असं किंचाळलं, की ताईंनी फोन कानापासून लांब केला.

"शाब्बास. क्लच हळू सोड. ओरडू दे त्याला, ओरडतंय म्हणजे गाडी धरतंय. काटा?"

"पन्नास... वळण आलं!"

"वळणात फक्त स्टिअरिंग. नजर वळणाच्या शेवटाकडे." टायर कर्कश वाजले. आई किंचाळली. ताईंनी डोळे मिटले. "झालं वळण? आता दुसरा गिअर. हँडब्रेकचं बटण दाबून धर आणि थोडा थोडा ओढ. गाडी डोंगराच्या बाजूला घे, दरीच्या नाही. घासली तर घासू दे."

पत्रा दगडाला खरवडत गेल्याचा आवाज आला. मग सगळं शांत झालं. आणि मग दोघी मायलेकी एकदमच रडायला लागल्या. इतकं गोड रडणं ताईंनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय फरशीवर सगळं बळ लावून रुतला होता. पुढे दोन दिवस तो गुडघा दुखत राहिला.

संध्याकाळी त्यांनी गटात लिहिलं, आपण कोण, काय शिकवतो, ती ओळ कोणाची आणि आज काय झालं असतं. तीन मिनिटांत कप्तानने ते पुसलं, आणि अकरा वर्षांच्या 'दुसऱ्या ब्रेक'ला गटाबाहेर काढलं. ताईंना वाईट वाटलं नाही. खरं तर थोडं वाटलं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

चौथ्या दिवशी चष्मेवाली स्कूलमध्ये आली. हाताला दोन टाके. "ताई, तुम्ही त्या दुसऱ्या ब्रेक सरांना ओळखता म्हणालात ना? मला त्यांचा पत्ता हवाय. मला त्यांना समोर उभं करून विचारायचंय."

ताई तिला बाहेर शिकाऊ गाडीपाशी घेऊन गेल्या. "आज तू माझ्या जागेवर बस," म्हणाल्या, आणि स्वतः शिकाऊच्या जागी, स्टिअरिंगमागे बसल्या. मुलीने पाय पसरले तशी तिच्या पायाला तिथल्या ब्रेकची पट्टी लागली.

"हा काय, तुमचा दुसरा ब्रे..."

वाक्य तिथेच अडलं. मुलीने मान वर केली. ताईंनी नजर चुकवली नाही. "ती ओळ माझी," त्या म्हणाल्या. "हसवायला लिहिली होती. त्यांनी मला त्यांच्यात घ्यावं म्हणून."

मुलीने पायाने ती पट्टी एकदा दाबून पाहिली. मग शांतपणे म्हणाली, "म्हणजे ताई, मी तुमचंच ऐकलं म्हणून मरत होते, आणि तुमचंच ऐकलं म्हणून वाचले."

सवयीने ताईंचा उजवा पाय खाली दाबला गेला, पूर्ण. पण या बाजूला त्या पायाखाली ॲक्सिलरेटर होता. गाडी बंद होती म्हणून बरं.