गोळा रसात सोडला तवा

हे पत्र निवांत बसून वाच गं नाती, घाईघाईत वाचायची तुझी खोड लय वाईट! आज गल्लीत कल्हईवाला आला आन नवसागराच्या वासानं मला सांगलीच्या आमच्या ॲल्युमिनियम ओतायच्या भट्टीपाशी नेलं.

तवा तुझे आजोबा अंथरुणाला खिळलेले, मामंजी भट्टी विकायला निघालेले.

"मी चालवते," मी म्हणलं.

"ॲल्युमिनियममधली जस्ताची भेसळ ओळखशील व्हय?" मामंजींनी इचारलं.

मातीनं लिंपलेला लोखंडी गोळा मी तराजूला तारेनं टांगून वितळल्या धातूच्या तापल्या रसात सोडला. भेसळीनं रस जड झाला, की गोळा हलका भरतो. कपाळ भाजत हुतं, पण तार मुशीला, रसाच्या भांड्याला, टेकू दिली न्हाई; टेकली तर वजन चुकतं. काटा चोख रसाच्या खुणेवर थांबला.

"चोख हाय, ओता!" मी कारागिरांना म्हणलं.

मामंजींनी भट्टीच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. तवा वाटलं, मी जिंकले. आता वाटतं, एवढ्याशा परीक्षेवर किल्ल्या दिल्या म्हंजी त्यांनाबी भट्टी विकायची नव्हतीच. ती अजून पेटती हाय. लवकर ये, बघायला.