अल्सासची वही

बायकोची एक वही होती. फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवर अल्सास नावाचा प्रांत आहे, त्याची. २००१ साली ती माझ्या व्हिसावर अमेरिकेत नोव्हायला आली. तिला नोकरीची परवानगी नव्हती आणि बाहेर चार-चार महिने बर्फ. मी दिवसभर गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करायचो, ती लायब्ररीतून प्रवासाची पुस्तकं आणायची. कुठल्या गावाहून सकाळची बस सुटते, द्राक्षमळ्यांतली पायवाट कुठे निघते, कुठल्या चर्चच्या छपरावर करकोचे घरटी बांधतात, सगळं वहीत. ऱ्हाईन नदीवरचा एक पूल तिला चालत ओलांडायचा होता. अलीकडे फ्रान्समध्ये कॉफी घ्यायची, पलीकडे जर्मनीत केक खायचा.

"आपल्याला बॉर्डर म्हटलं की फॉर्म आठवतात," ती म्हणायची. "तिथे लोक भाजी आणायला पलीकडे जातात."

एकदा गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिने अल्सासचा पदार्थ नेला. कागदासारखी पातळ पोळी, वर आंबट साय आणि कांदा, मूळचं बेकन वगळून. एका काकूंनी चव घेऊन विचारलं, "छान झालंय गं, पण मसाला राहिला का?" आणि लिंबाच्या लोणच्याबरोबर दोन तुकडे संपवले. बायको घरी येईपर्यंत हसत होती. तेवढं हसताना मी तिला नंतर पाहिलं नाही.

२००६ मध्ये एकदाची तिकिटं काढली. मग ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "यार, तुमचं स्टँपिंग व्हॅलिड आहे ना?" नव्हतं. पासपोर्टातल्या व्हिसाची मुदत संपली होती. देशाबाहेर पडलो तर परतण्याआधी अमेरिकन वकिलातीतून नवा शिक्का घ्यावा लागणार. मी कंपनीच्या लॉयरला मेल केली. त्याने कळवलं, खुशाल जा, येताना स्टँपिंग करून घ्या, सहसा अडचण येत नाही.

मी त्या 'सहसा'पाशी अडकलो. ग्रीन कार्डची फाइल अर्ध्यावर होती. विषाची परीक्षा कशाला घ्या? घरी येऊन सांगितलं, "लॉयर नको म्हणाला. तिकिटं कॅन्सल केली. ग्रीन कार्ड आलं की जाऊ."

ती "बरं" म्हणाली. वही कपाटात गेली, लायब्ररीची पुस्तकं येईनाशी झाली. मला वाटलं, किती समजूतदार आहे. नवऱ्यांना असं वाटून घेणं सोयीचं असतं.

ग्रीन कार्ड आलंच नाही. २००८ च्या शेवटी आमचा अख्खा विभाग बंद झाला आणि नोकरीबरोबर व्हिसाही गेला. सात वर्षांचा संसार चार बॅगांत भरला. त्यात वही दिसली नाही. विचारायचा मला धीर झाला नाही.

पॅरिसला विमान बदलून मुंबईकडे निघालो. सकाळ होती, आभाळ स्वच्छ होतं. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात आमचं विमान स्ट्रासबूर्गजवळ आलं. खिडकीशी ती बसली होती.

मी म्हणालो, "बघ, तुझं अल्सास. त्या लॉयरने तेव्हा नको म्हटलं नसतं तर..."

"त्याची मेल मी त्याच दिवशी वाचली होती," ती म्हणाली. घरात कंप्युटर एकच होता, हे मी विसरलो होतो. "वाटलं, दोन-चार दिवसांत तू सांगशील."

तिने खिडकीची झडप खाली ओढली आणि डोळे मिटून घेतले. पडद्यावरचं विमान नदी ओलांडून जर्मनीत शिरलं.