पाडव्याच्या आत पॅराग्वेला पंखे

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबांनी एसटीच्या खिडकीतून माझ्या हातात पंचांग ठेवलं. बाकीच्यांनी दिलेल्या वस्तू समजण्यासारख्या होत्या. आईने कोकमं बांधून दिली होती, शेजारच्या काकूंनी शारजात असलेल्या पुतण्यासाठी सांडगी मिरची दिली होती. (पुतण्या मला कधीच सापडला नाही. मिरची मी खाल्ली.) पण दुबईला निघालेल्या माणसाला पंचांग कशाला? बाबा म्हणाले, "देश कुठलाही असू दे, ऋतू चुकत नाहीत. माणसं चुकतात." गाडी हलली तशी आई खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "चूक झाली तर त्याच दिवशी सांगून मोकळा हो. मासळी आणि चूक, दोन्ही दुसऱ्या दिवशी वास मारतात."

बाबांचं वाक्य मी तंतोतंत पाळलं आणि आईचं अजिबात पाळलं नाही. उलट केलं असतं तर आज वयाच्या पंचाहत्तरीला हे लिहीत बसलो नसतो.

तुम्हा गावाकडच्यांना आणि इकडे आलेल्यांनाही 'डॉमनिकच्या पंख्यां'ची गोष्ट पाठ आहे. सुट्टीवर आलो की ओटीवर बसून ती मीच सांगायचो. वसईचा डॉमनिक, दुबईतला माझा सोबती, त्याने ऐन थंडीत पॅराग्वेला पंखे पाठवले आणि शेठने त्याची रवानगी गोदामात केली. हशा ठरलेला असायचा. माझ्या बायकोलाही मी लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट सांगून हसवलं. आता नीट सांगतो. पंखे डॉमनिकचे नव्हते. माझे होते.

दुबईतल्या देरा भागात आमच्या शेठचं ऑफिस होतं. शेठ सिंधी, उल्हासनगरचे. जपान-तैवानहून माल आणायचा आणि जगात जिथे रस्ता जाईल तिथे पाठवायचा, हा धंदा. मी माल कधी सुटणार ते ठरवायचो, डॉमनिक कागदपत्रं टाइप करायचा. आमची टेबलं समोरासमोर होती आणि आम्ही राहायचोही एकाच खोलीत. तो मला यशा म्हणायचा. आमच्या यादीतला सगळ्यात लांबचा देश पॅराग्वे. दक्षिण अमेरिकेच्या पोटात बसलेला हा देश, त्याला समुद्र नाही. आमचा माल आधी शेजारच्या देशाच्या बंदरात उतरायचा, मग नदीतून वर चढत जायचा. शेजाऱ्याच्या अंगणातून घरात शिरावं लागतं, असा संसार. तिथला आमचा ग्राहक एक लेबनीज व्यापारी होता, तिकडेच स्थायिक झालेला. तो रेडिओ, टायर, खेळणी, घड्याळं, काय वाटेल ते मागवायचा. त्या देशात सोयाबीन आणि गुरं सोडली तर सगळं बाहेरूनच येतं, असं आम्हाला वाटायचं.

एका जुलैत त्याची मोठी ऑर्डर आली. टेबल फॅन उन्हाळ्याच्या आधी पोचले पाहिजेत, ब्लँकेटं थंडीच्या आधी. महिने लिहिले नव्हते. त्याच्या दृष्टीने उन्हाळा कधी येतो हे सांगायची गरजच नव्हती. माझ्याही दृष्टीने नव्हती. टेबलामागच्या खिळ्याला बाबांचं पंचांग लटकत होतं. दरसाल ते नवं पोस्टाने पाठवायचे. मी ते काढलं आणि ठरवलं, पंखे पाडव्याच्या आत, ब्लँकेटं पुढच्या दिवाळीच्या आत. आहे काय त्यात?

डॉमनिकने टाइपरायटरवरून मान वर केली. "यशा, त्यांचा उन्हाळा आपल्यासारखाच असतो का रे?"

"उन्हाळा म्हणजे उन्हाळा," मी म्हणालो. "सूर्य काय वेगळा आहे तिकडे?"

"नाही, आमचे एक फादर ब्राझीलला होते. ते म्हणायचे की तिकडे नाताळला घाम येतो."

"फादर जाडे असतील."

तो हसला. मी चिठ्ठीवर 'मार्च' लिहून दिलं आणि त्याने मार्च टाइप केलं. शेठनेही सही केली. उल्हासनगरलाही उन्हाळा पाडव्यालाच येतो.

एप्रिलमध्ये टेलेक्स आला. तो मला शब्दशः आठवतो, कारण तो फारसा लांब नव्हता: "हबीबी, इथे स्वेटर. पंखे का?"

शेठने आम्हा दोघांना केबिनमध्ये उभं केलं. त्यांच्या हातात मार्च लिहिलेला कागद होता. "ये मार्च किसने टाइप किया?"

मी त्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरकडे बघत होतो. म्हणालो, "डॉमनिकने."

तेवढंच बोललो. ते खरंही होतं. खोटं न बोलता माणसाला बुडवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. डॉमनिकने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, बसमध्ये शेजारचा उठेल आणि आपल्याला वाट देईल, अशी वाट बघतात, तसं. मी उठलो नाही. शेठ म्हणाले, "खलास. उद्यापासून तू शारजाच्या गोदामात. आणि या वर्षी छुट्टी नाही."

इथेच खरी गोम होती. मे महिन्यात रजा आम्हा दोघांनीही मागितली होती आणि मिळणार होती एकालाच. मला आंबे खायचे होते. डॉमनिकचं लग्न होतं.

शारजाचं औद्योगिक क्षेत्र आजही जाऊन बघा, पत्र्याच्या शेडांच्या रांगा. तेव्हा त्या शेडांत एसी नव्हते. आणि आमच्या शेडमध्ये काय भरून ठेवलं होतं? दिवाळीच्या आत पाठवायची ब्लँकेटं. पॅराग्वेत लोक कुडकुडत होते त्या दिवसांत त्यांची ब्लँकेटं शारजात होती, आमचे पंखे त्यांच्याकडे होते, आणि या दोन्हींच्या मधोमध, पंचेचाळीस डिग्रीत, बनियनवर डॉमनिक होता. गोष्ट सांगताना मी हे वाक्य नेहमी शेवटी ठेवायचो. लोक पोट धरून हसायचे.

माझी रजा मंजूर झाली. जाताना डॉमनिकने एक पुडकं दिलं, वसईला फिलोमिनाकडे पोचवायला. लग्नाच्या झग्यासाठी पांढरं कापड. "लग्न एक वर्ष पुढे गेलंय, एवढं सांग. कारण तुला जमेल तसं सांग."

जमेल तसं. त्याने मला दार उघडून दिलं होतं. मी वसईला गेलो, फिलोमिनाच्या आईने इंद्याल, म्हणजे मांसाचा आंबटतिखट रस्सा, आणि फुगे वाढले. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे सणासुदीचे तळलेले गोल पाव, आत पोकळ, त्यामुळे किती खाल्ले ते कळत नाही. लग्न पुढे गेल्याचं मी आल्याआल्याच सांगितलं होतं. फिलोमिना समोर बसली होती, रडून डोळे सुजलेले. ते मला बघवेना. वातावरण हलकं व्हावं म्हणून मी पंख्यांची गोष्ट सांगितली, डॉमनिकच्या नावावर. सगळे हसले. शेवटी फिलोमिनाही हसली आणि म्हणाली, "ज्याला उन्हाळा कधी येतो ते कळत नाही, त्याच्याशी मी लग्न करू?"

केलं तिने, पुढच्या वर्षी. पण तोवर आळीत डॉमनिकचं नाव 'पॅराग्वे' पडलं होतं. घरात काही सांडलं, हरवलं, उशिरा आलं की 'पॅराग्वे'. सुट्टीवरून परतला की तो हे मला हसतहसत सांगायचा. मीही हसायचो. एकदा त्याला म्हणालो, "वहिनींना खरं सांगून टाकू का?" तो म्हणाला, "बघ, तुला कधी सवड झाली तर." चाळीस वर्षांत मला सवड झाली नाही.

आता मी मुलाकडे, नितीनकडे, अबुधाबीत खलिफा सिटीत राहतो. आमच्या वेळी खोलीत सहा जण आणि एक पंखा होता. इथे माणसं चार आणि एसी सात. डॉमनिक आणि फिलोमिना वसईला निवृत्त आयुष्य जगतात. गेल्या महिन्यात माझी नात स्वरा शाळेतून प्रोजेक्ट घेऊन आली. प्रत्येकाला एक देश, तो देश काय आयात करतो ते लिहायचं, कुणाशी व्यापार ते दाखवायचं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. हिला कुठला देश आला असेल?

बारा दिरहमचा चार्ट पेपर आला, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे रुपयांचा. माझ्या पहिल्या महिन्याच्या जेवणाइतका, पण ते कुणाला सांगायचं? स्वराने त्यावर मोबाइल, मोटारी, डिझेल, खतं अशी चित्रं चिकटवली. चीन, ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिका असे बाण काढले. आम्ही कधीकाळी नदीतून चढवलेला माल त्या बाणांमध्ये कुठेच नव्हता. मला थोडं वाईट वाटलं. तेवढ्यात नितीन म्हणाला, "अगं, आजोबांनी पॅराग्वेशी व्यापार केलाय. डॉमनिक अंकलच्या पंख्यांची गोष्ट विचार."

मी सांगितली. सवयीने, जशी नेहमी सांगतो तशी. स्वरा हसली नाही. "बट आजोबा, दे आर इन द सदर्न हेमिस्फिअर. एव्हरीबडी नोज दॅट." मग तिने मोठ्या अक्षरांत चार्टवर शीर्षक लिहिलं: 'मिस्टर डॉमनिक्स मिस्टेक.' त्याखाली फोटोसाठी चौकोन आखला. आणि शनिवारी व्हिडिओ कॉलवर अंकलची मुलाखत घेणार, म्हणाली.

ओटीवर सांगितलेलं वाऱ्यावर जातं. हे चार्टवर होतं, स्केच पेनने. शाळेच्या भिंतीवर लागणार होतं. वीस देशांची मुलं ते वाचणार होती, आणि त्यांतल्या निम्म्यांना सदर्न हेमिस्फिअर माहीत होता. आईची मासळी मी चाळीस वर्षं फ्रीजरमध्ये ठेवली होती. आता लाइट गेले होते.

शनिवारी कॉल लागला. डॉमनिक नवा शर्ट घालून बसला होता, फिलोमिना मागे भाजी निवडत होती. स्वराने वही उघडली. "अंकल, व्हाय डिड यू सेंड फॅन्स इन द विंटर?"

मागून फिलोमिना म्हणाली, "विचार, विचार. मीपण चाळीस वर्षं विचारतेय."

डॉमनिकने तोंड उघडलं, तेवढ्यात मी मध्ये शिरलो. "स्वरा, थांब. ते पंखे मी पाठवले होते. महिना मी काढला, बाबांचं पंचांग बघून. डॉमनिकने मला विचारलंही होतं. शेठपुढे मी त्याचंच नाव सांगितलं. रजा त्याची होती, ती मी घेतली. वहिनी, ऐकताय ना?"

फिलोमिनाच्या हातातली गवारीची शेंग हातातच राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तू मला सांगितलं का नाहीस?"

"तो सांगेल म्हणून थांबलो," डॉमनिक म्हणाला. "आणि मी सांगितलं असतं तर हा परत आपल्याकडे जेवायला आला नसता. मग सुट्टीत मी कुणाशी बोललो असतो? तुझ्या भावांशी?"

स्वरा लिहून घेत होती. मग फिलोमिना मोबाइलच्या इतकी जवळ आली की पडद्यावर फक्त चष्मा दिसू लागला.

"यशवंतभाऊ, माझं लग्न तुम्ही वर्षभर लांबवलंत."

"हो वहिनी."

"आणि ते सांगायला आलात त्याच दिवशी माझ्या आईच्या हातचे अकरा फुगे खाल्लेत."

"अकरा?"

"आम्ही मोजले होते. पोकळ असले तरी अकरा." मग ती मागे सरकली आणि डॉमनिकच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत मी तिला असा हात ठेवताना पाहिलं नव्हतं. "आता मी टोमणे कुणाला मारू? तुम्ही लांब, हा जवळ. तुम्ही इथे या. सगळ्यांसमोर, त्याच टेबलाशी उभं राहून ही गोष्ट नीट सांगा. आणि मग 'पॅराग्वे' तुम्ही."

डॉमनिक म्हणाला, "नाव माझं आहे. मी देणार नाही." तो हसत होता, पण चष्मा काढून पुसत होता.

स्वराने शीर्षकातलं 'मिस्टर डॉमनिक्स' पांढऱ्या शाईने खोडलं आणि वर 'माय ग्रँडफादर्स' लिहिलं. चौकोनात माझा फोटो चिकटवला. चार्ट शाळेत लागला आहे. नितीन दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला, मग म्हणाला, "बाबा, तिकीट काढू?"

घर कुठलं, असं मला इथे लोक विचारतात तेव्हा पूर्वी मी गावाचं नाव सांगायचो, मग देरा, आता खलिफा सिटी. खरं सांगायचं तर घर म्हणजे ज्या ठिकाणी नुसतं 'उन्हाळा' म्हटलं की पुरतं, महिना सांगावा लागत नाही. बाबांना पुरायचं, त्या लेबनीज व्यापाऱ्यालाही पुरायचं. मीही आयुष्यभर समजत होतो की सगळ्या जगाला माझाच उन्हाळा पुरेल.

काल फिलोमिनाचा मेसेज आला: 'उन्हाळ्यात या, फुगे करीन.' मी तासभर विचार केला आणि उत्तर पाठवलं: 'येतो वहिनी. फक्त महिना कुठला, तेवढं लिहून पाठवा.'