जिनचौकातली तीन दिवसाची मोजणी

महादेवराव ऑटोची काच पुसून राह्यले होते. काच साफच होती. घरून निघतानी बायकोनं, रुख्मिणीबाईनं, ओल्या फडक्यानं पुसून देलती. तरी महादेवराव एकाच जागेवर गोल गोल फडकं फिरवत होते, अन् मान वाकडी करून मांगं निंबाखाली बसलेल्या पोरीच्या कागदाकडं पाहून राह्यले होते.

पोरगी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. तोंडाले ओढणी बांधलेली, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. गाडी गेली का ती एक उभी रेघ मारे. चार उभ्या झाल्या का पाचवी आडवी.

"भाऊ, काच फुटन आता," बाजूच्या ऑटोतून मुकेश बोल्ला.

"चूप बस बे. ती काय लिहून राह्यली ते पाहू दे."

"गाड्या मोजून राह्यली, अजून काय."

"कशापाई?"

याचं उत्तर महादेवरावजवळच होतं. त्याईच्या मतानं वर्धेच्या जिनचौकातून ऑटोचं स्टँड उचलाची तयारी चालू झाली होती.

आता कोणी म्हणन का एका पोरीच्या कागदावरून माणूस एवढं कसं ठरवते. तं आधी महादेवराव कोण ते समजून घ्या. रोहणा गावचा माणूस, अठ्ठावन्न वर्षाचा. स्टँडवर सव्वीस ऑटो, त्यात नंबर एक त्याईचा. सगळ्यात आधी त्या निंबाखाली ऑटो त्याईनंच लावला म्हून. पण त्याच्याही आधी त्याईचं स्टँड दुसरीकडं होतं, स्टेशनच्या मांगच्या अंगाले. तिथी एक दिवस दोघं जण लांब टेप घेऊन आले. "काही नाई, फक्त मोजून राह्यलो," म्हणे. महादेवराव तवा जवान होते, भोळे होते. टेपचं दुसरं टोक त्याईनंच धरलं. वरून त्या दोघाईले थंड पाणी पाजलं. अकराव्या दिवशी जेसीबी आला. बोर्ड गेला, पाण्याचा माठ गेला, स्टँड गेलं.

तवापासून त्याईचं एक वाक्य पक्कं झालं. जिथी मोजणी, तिथी उचलणी.

अन् माणूस शकी झाला. एसटी किती वाजता हाय हे तीन जणाले विचारन, अन् तिघाईचं उत्तर सारखं आलं तं म्हणन, तिघं मिळून सांगून राह्यले. चौकात सिग्नल लागला तवा घड्याळ धरून अर्धा घंटा उन्हात उभे राह्यले. "आपल्याकडचा लाल दिवा नव्वद सेकंद, अन् कॉलनीकडचा साठ," म्हणे. सगळे हासले. मुकेशनं मोबाइलवर टाइम लावून पाह्यला. नव्वद अन् साठच निघाला. मंग कोणी हासलं नाई. म्हून सांगतो, त्या माणसाचा शक म्हंजे रिकामं डोक्सं नव्हतं.

काच पुसून झाली. महादेवराव खुर्चीजवळ गेले.

"कोणत्या गावची तू, पोरी?"

"वडनेरची, काका." पोरीनं मान वर केली नाई. एक ट्रक गेला, रेघ मारली.

"नाव काय?"

"पौर्णिमा."

"रोज वडनेरवरून येतं?"

"एसटीनं येतो. तीनच दिवसाचं काम हाय. सकाळी सात ते संध्याकाळी सात."

"अन् हे कशापाई मोजून राह्यली?"

"चौक सुधाराचा हाय म्हणे. मले इतकंच सांगतलं, जे जाते ते लिहाचं."

"कोण म्हणे?"

"कंपनीचे सर."

"कागद कोठी जाते?"

"सर घेऊन जाते."

"अन् मंग?"

"मंग मले नाई माहीत, काका. थोडे सरका, बस दिसून नाई राह्यली."

खरंच सांगत होती ती. पण ज्याले काहीच माहीत नाई त्याचाच महादेवरावले जास्त शक ये. त्या टेपवाल्याईलेही काही माहीत नव्हतं.

सरकता सरकता त्याईनं कागद पुरा पाहून घेतला. सात खाने होते. दुचाकी, कार, ऑटो, बस, ट्रक, सायकल, अन् शेवटी बैलबंडी. बंडीले त्या चौकातून बंदी होऊन चार वर्षं झालती.

"एकाच कागदावर आपण अन् बंडी," महादेवराव स्टँडवर येऊन बोल्ले. "समजून घ्या आता कोणाची पाळी हाय ते."

"भाऊ, त्याच कागदावर कार बी हाय," मुकेश बोल्ला.

"कारवाल्याले कोण उचलते बे? उचलते आपल्याले. अन् खालच्या कागदावर ती गाडीचे नंबर लिहून घेऊन राह्यली असन तं? दोघाईची पासिंग संपेल हाय. एकाचं परमिट बाहेरच्या तालुक्याचं हाय. सगळे कागद तपासतीन अन् म्हणतीन, स्टँडच बोगस हाय."

मुकेशचीच पासिंग संपेल होती.

मंग महादेवरावनं ठरवलं. तीन दिवस एकही ऑटो त्या पोरीसमोरून जाणार नाई. स्टँड रिकामं. सवारी अलीकडं तेलघाणी गल्लीत उतरवाची, तिथूनच दुसरी भराची. गल्लीपासून चौक दोनशे पावलं. सवारी चालन.

सवारी चालली, पण शिव्या देत चालली. एप्रिलचं ऊन होतं, डांबर चप्पलले चिकटे. भागीरथाबाई म्हून एक बुढी होती, दर मंगळवारी बाजाराच्या दोन थैल्या घेऊन महादेवरावच्याच ऑटोत बसे. तिले गल्लीत उतराले सांगतलं तं ती सीटवर अजूनच पसरून बसली.

"मी नाई उतरत. तूच उतर."

"मावशी, तीन दिवसाची गोष्ट हाय."

"तीन दिवस मी जगतो का नाई ते तुले माहीत हाय का?"

शेवटी महादेवरावच उतरले. दोन्ही थैल्या हातात घेऊन बुढीच्या मांगं मांगं चौकापर्यंत चालत गेले. पौर्णिमानं पाह्यलं. ऑटोवाला बिनऑटोचा, दोन थैल्या अन् पुढं बुढी. तिच्या कागदावर याचा खाना नव्हता.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी महादेवराव निंबाले लागूनच्या टपरीवर चहा पेऊन राह्यले होते. पोरीवर नजर ठेवाचं काम त्याईनं सोताकडंच घेतलं होतं. तितक्यात एक मोटारसायकल निंबाखाली येऊन थांबली. कंपनीचा इंजिनीयर, धनंजय नावाचा. त्यानं पौर्णिमाजवळचे कागद घेतले, उलटे पालटे केले.

"ऑटोचा कॉलम जवळपास कोरा का?" त्यानं विचारलं. "इथं स्टँड आहे ना?"

"सोमवारी सकाळी होते, सर. मंग आलेच नाईत."

"दोन दिवसांत एकही नाही?"

"जे गेलं तेच लिहिलं, सर."

धनंजयनं रिकाम्या स्टँडकडं पाह्यलं. निंबाखाली फक्त ऑइलचे काळे डाग होते. "मग प्रश्नच मिटला," तो बोल्ला. "ऑटोच नाहीत तर स्टँडला जागा कशाला सोडायची? फुटपाथ तरी मोठा होईल." अन् गाडीले किक मारून गेला.

महादेवरावचा चहा कपातच राह्यला. इतकी वर्षं ज्याची भीती घेतली, ते टेप घेऊन आलं नव्हतं, जेसीबी घेऊन आलं नव्हतं. त्याईनं सोताच स्टँड रिकामं करून देलतं.

ते तसेच पौर्णिमाजवळ गेले.

"पोरी, आमचे सव्वीस ऑटो हाय इथी."

"कोठी हाय, काका?"

"गल्लीत. मीच लपवले. मले वाटलं तू आमचे नंबर लिहून घेऊन राह्यली."

पौर्णिमानं ओढणी खाली केली. पह्यल्यांदा तिचं तोंड दिसलं. तिले हासू आलं होतं, पण महादेवरावचा चेहरा पाहून ते तिनं गिळलं.

"मी नंबर कायले लिहू? इथी रेघ माराले टाइम भेटून नाई राह्यला."

"मंग आता लिही. सव्वीस ऑटो, दिवसाच्या दहा-बारा चकरा. दोन दिवसाचा हिशेब मी सांगतो."

"जे आलंच नाई ते कसं लिहू, काका?"

"मी खोटं सांगून राह्यलो का?"

"तुम्ही खरंच सांगत असान. पण मी पाह्यलं नाई." तिनं घड्याळ पाह्यलं. "सात वाजेपर्यंत हाय मी. जे येतीन ते सगळे लिहितो. एकही सोडत नाई."

महादेवराव गल्लीत धावत गेले. त्याईले धावतानी स्टँडवर कोणीच कधी पाह्यलं नव्हतं. दहा मिनटात सगळे ऑटो चौकात. पौर्णिमाचा हात थांबे ना. चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी. तिच्या पेनची शाई संपली तं महादेवरावनं टपरीवाल्याच्या खिशातला पेन काढून तिले देला.

चारच्या सुमारास त्याईच्या ध्यानात आलं का मुकेशचा ऑटो रिकामाच फिरून राह्यला. चौकाले चक्कर मारे, कापसाच्या जुन्या जिनच्या भिंतीमांगून वळे, वाप्पस चौकात. पाचव्या चकरीले महादेवराव आडवे झाले, हात घालून चाबी काढून घेतली.

"काऊन भाऊ? दोन दिवसाचं भरून काढून राह्यलो ना."

"खोटं एक सापडलं का खरे सव्वीसही खोटे होतीन."

"कंपनीवाले काय खरं करून राह्यले भाऊ आपल्यासंग?"

"ते काय करते ते त्याईले माहीत. सवारी भेटली का चाबी घेजो."

अर्धा घंटा मुकेश चाबीबिगर बसला, तोंड फुगवून.

सात वाजता पौर्णिमानं पुठ्ठा थैलीत टाकला. एकाच दुपारचे दोनशे अकरा ऑटो लिहिले होते. महादेवरावनं तिले सोताच्या ऑटोत बसवून बसस्टँडवर सोडलं. वडनेरची बस सुटेपर्यंत खिडकीजवळ उभे राह्यले. "सराले सांगजो," इतकंच बोल्ले.

जूनमधी नवीन चौकाचा नकाशा एका हॉलमधी लावला. लोकाईनं पाहून हरकती सांगाच्या होत्या. फुटपाथ होता, सायकलचा रस्ता होता, झाडं गोल गोल काढून दाखवले होते. अन् एका कोपऱ्यात ऑटोसाठी खाने. मुकेशनं बोट ठेवून मोजले. बारा.

सव्वीसातले बारा. बारा जणाईलेच स्टिकर भेटणार होतं, बाकीच्याईनं चौकात थांबाचंही नाई. हरकत लिहून देली, तं उत्तर आलं का जागा मोजणीच्या आकड्यावरूनच ठरली हाय.

निंबाखाली बैठक झाली. नंबरानं बारा जणाईले स्टिकर द्याचं ठरलं. मुकेशचा नंबर तेरावा होता. दोन दिवस स्टँड रिकामं ठेवलं कोणी, असं मांगून कोणीतरी पुटपुटलं. सांगून ठेवतो, पुटपुटणारे तेच होते ज्याईनं ते दोन दिवस गल्लीतल्या सावलीत हासत खिदळत काढले. सोमवारी एकाच्याही तोंडातून निघालं नाई का भाऊ, हे चुकून राह्यलं.

महादेवराव उठले. "माह्या शकानं झालं हे. एक नंबर कापा. मुकेश बारावा होते."

"मले खैरात नाई पाह्यजे, भाऊ," मुकेश उभा होऊन बोल्ला.

"खैरात नोय बे. तुही पोरगी शाळेत हाय. माहे दोघं कमावते झाले."

"तुमच्याबिगर स्टँड कायचं?"

"बारा ऑटोचं." अन् महादेवराव ऑटो चालू करून निघून गेले. मांगं पाह्यलं नाई.

घरी रुख्मिणीबाईले सांगतलं. ती भाकर थापत होती. "तुमच्या शकानं शेवटी तुमचाच नंबर खाल्ला म्हणा," ती बोल्ली. मंग तव्यावरची भाकर उलटवून म्हणे, "पण देला ते बरं केलं." अन् गरम भाकर त्याईच्याच ताटात टाकली.

आता ते एका दवाखान्याच्या फाटकाजवळ ऑटो लावते. तिथी सावली नाई, नंबर नाई. पोलीस आला का ऑटो पुढं घ्याचा, गेला का मांगं आणाचा. जिनचौक सुंदर झाला आता, खोटं काऊन बोला. पण सवारी चौकाची असली तं महादेवराव अलीकडंच उतरवून देते, अन् सामान असलं तं सोता उचलून पोचवते.

अन् अजून एक गोष्ट सांगतो. माणसाचा शक गेला. दिवाळीआधी नालीचं माप घ्याले दोघं टेप घेऊन फाटकाजवळ आले. तिथचे ऑटोवाले म्हणाले, भाऊ, विचारा ना काय करून राह्यले ते. महादेवराव सीटवरून हाललेही नाई. "मोजू द्या," बोल्ले. "साहेब लोक समजूनच करते. आपलं डोक्सं त्याच्यात नाई घालाचं."

दिवाळीनंतर पौर्णिमा कामाचं सर्टिफिकेट आणाले कंपनीत गेलती. सर म्हणाले, बस, तोपर्यंत हे जुने कागद फायलीत लाव. त्यात जिनचौकाचा नकाशा तिच्या हाती लागला. तोच फुटपाथ, तेच गोल गोल झाडं, ऑटोचे तेच बारा खाने. खाली सही होती अन् सहीखाली तारीख होती, नऊ फेब्रुवारी. पौर्णिमा मोजाले बसली होती एप्रिलात.