साहेबाच्या घरातलं कॅलेंडर

वर्ल्ड कपच्या तयारीसाठी दोह्यातल्या आमच्या टेलिकॉम कंपनीत नवा डच साहेब आला. आधी तीन देशांत त्याने कंपन्या चालवल्या होत्या आणि तिन्हीकडे माणसं कमी केली होती, एवढंच आम्हाला ठाऊक. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या टेबलापाशी वही घेऊन उभा. "तुझा वाढदिवस कधी असतो?"

एचआरकडे सगळं असताना हा कशाला विचारतो? आला वयाची यादी करायला! मी पासपोर्टवरची एक जून सांगितली, शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. खरा वाढदिवस दिवाळीच्या आसपास; तो घरच्यांपुरता. पुढे वर्षभर त्या वहीकडे माझं लक्ष होतं.

मग एकदा त्याने जेवायला बोलावलं. त्याच्या संडासात भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं. त्यांच्याकडे जवळच्या माणसांचे वाढदिवस तिथेच लिहून ठेवतात म्हणे. जूनच्या पानावर त्याच्या आईच्या वर माझं नाव होतं. नुसतं नाव आणि दिवस. साल कुणाचंच नव्हतं.

स्टेडियमच्या नेटवर्कचं काम आटोपलं तशी त्याने माणसं कमी केलीच. मलाही तोंडावर सांगून घरी पाठवलं.

तरी दर एक जूनला त्याचा फोन येतो. त्या दिवशी मला दुसरं कुणीच फोन करत नाही. खरी तारीख मी त्याला अजून सांगितलेली नाही.