पाण्याची पाळी

"आज माजी पाण्याची पाळी हाय," असं शालनताई मिरजेच्या दवाखान्यात शिरतानाच सांगायच्या. एकदा एका नव्या सिस्टरने केसपेपरवर 'मासिक पाळी चालू' असं लिहून टाकलं. "आवं, ती कवाच गेली. ही कालव्याची," म्हणत त्यांनी छातीकडे बोट दाखवलं आणि बाकावरचे सगळे हसले. मी सोडून.

पन्नाशी उलटलेल्या शालनताई कुंडलच्या. घरचा ऊस, नवरा फौजेतून निवृत्त. मी सांगलीची, शाळामास्तरीण. कॅन्सरमुळे एकाच आठवड्यात आम्हा दोघींचा एकेक स्तन काढला आणि त्या जागी स्नायूखाली रिकामी पिशवी बसवली. दर पंधरा दिवसांनी सुईने तिच्यात थोडं सलाइन भरायचं, कातडी पुरेशी ताणली की पिशवी काढून कायमचं इम्प्लांट बसवायचं. माझ्या पिशवीत तिसऱ्याच आठवड्यात पू झाला. ती काढावी लागली. पुढे किरणांनी कातडी कडक झाली आणि आता पुन्हा नको, असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मी तपासणीला जायची ती खरं तर शालनताईंचा पदर बघायला. दर खेपेला तो थोडा वर आलेला असे. माझा उजवीकडे सपाट पडे. मी जळत होते, दुसरा शब्द नाही. भरल्यावर दोन दिवस कुशीवर होता येत नाही, असं त्या सांगत तेव्हा मला बरं वाटे. हिचीही पिशवी बिघडावी, असंसुद्धा एकदा मनात येऊन गेलं. त्या मात्र डॉक्टरांनाच शेती शिकवत. "एकदम सोडलं की बांध फुटतुया. दमानं भिजवा."

बाकावर माझ्याशेजारी आमचे हे माझी फाइल मांडीवर घेऊन मोसंबी सोलत बसायचे, एकेका फोडीचा पापुद्रा काढत. ह्यांना ऐकायला जरा कमी येतं. मला त्या मोसंबीचाही राग यायचा. तिने काय भरून येणार होतं?

शेवटच्या पाळीला शालनताई बाहेर आल्या, "भिजलं रान," म्हणाल्या आणि माझ्याजवळ टेकल्या. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की मी तुमच्यावर फार जळले.

"ठावं हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमची नजर कुटं असती ते दिसत न्हाई व्हय? मी बी जळत हुते की, बाई."

माझ्याकडे जळण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं. त्यांनी हनुवटीने ह्यांच्याकडे खूण केली.

"येवढ्या पाळ्या झाल्या, येकटी एस्टीनं आले. दुकतंय का म्हणून आमच्या मालकांनी येकदा बी इचारलं न्हाई."

ह्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी सवयीने एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि एक शालनताईंच्या. मी माझी खाल्ली. शालनताई कितीतरी वेळ हातातल्या फोडीकडे बघत बसल्या, आणि एस्टीची वेळ झाली तेव्हा ती तशीच पदराच्या टोकाला बांधून घेऊन गेल्या.