आराखड्यात नसलेली रेषा

आमच्या बाईंना कागदावर इमारत दिसतच नसे. एका नामवंत वास्तुरचनाकाराविषयी मी असे म्हणणे अगोचरपणाचे ठरले असते. पण हे त्या स्वतःच सांगत. नकाशा पुरा झाला की तो गुंडाळून गाडीत टाकायचा आणि चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन जागेवर जायचे, ही त्यांची रीत. तिथे भिंती, दारे, जिने सारे खऱ्या मापाने जमिनीवर आखले जाई. मग त्या मालकाला म्हणत, "आता चालून बघा. कागदावर कुणाचं डोकं चौकटीला आपटत नाही." खोपोलीपासून कर्जतपर्यंतचे गवंडी त्यांना फक्कीबाई म्हणत. हे नाव त्यांच्या कानांवर गेले होते आणि, मला वाटते, आवडलेही होते.

मी त्यांच्या हाताखाली उमेदवारीला लागलो, तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. वर्षानुवर्षे गणिताच्या शिकवण्या घेऊन उशिरा वास्तुकलेची पदवी मिळवली होती. आकडेमोड पक्की, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडे. "तुमच्या रेघा बोलतात, तुम्ही बोलत नाही," असे म्हणून बाई हसल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक बैठकीत मला पुढच्या खुर्चीवर बसवू लागल्या.

अशातच खोपोलीजवळच्या शिळफाट्यापासून थोडे आत, डोंगराच्या पायथ्याशी, एका संस्थेच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयाचे काम आले. बाईंनी वर्कशॉप इमारतीच्या ऐन मध्यात ठेवले होते. दारातून आत पाऊल टाकताच यंत्रे दिसावीत, भिंतींवरचे नळ आणि तारा मुलांना शिकण्यासाठी उघड्याच राहाव्यात, असा त्यांचा आग्रह. संस्थेचे अध्यक्ष भाऊ हे जवळच्याच गावचे. तरुणपणी कबड्डीत नाव काढलेले, आता एक गुडघा अधू झालेले. त्यांना बाईंनी आखलेल्या चौकोनात उभे केले.

"भाऊ, तुम्ही लेथ मशीन. हलू नका. खजिनदार, तुम्ही ड्रिल. आता बघा, मध्ये मुलं वावरतील का?"

"मी लेथ तर लेथ," भाऊ हात पसरून म्हणाले. "पर वर्कशॉप मागं न्या, बाई. पाव्हणा आला तर त्याला काय आधी तेलानं माखलेलं हात दाखवायचं? पुढं कसा ऐसपैस पोर्च पायजे. आन् ह्या उघड्या तारा? लोक म्हणतील, काम अर्धवट टाकून पळाले."

"हाताला तेल लागावं म्हणूनच कॉलेज बांधतोय ना आपण?"

"ते खरं हाय. पर दिसाया नको!"

निर्णय रविवारी सकाळी, साऱ्या विश्वस्तांसमोर, जागेवरच व्हायचा होता. वर्कशॉप मागे गेले तर पोर्च काढणारा दुसरा कोणी शोधा, असे बाईंनी शांतपणे सांगून टाकले. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "रविवारी आपली बाजू तुम्ही मांडायची." आठवडाभर मी भाषण लिहीत आणि खोडत राहिलो.

रविवारी रसायनीहून एसटीने येताना मी भाषण मनाशी घोळवत होतो. जागेवर पोहोचलो आणि ते सारे विसरलो. आमच्या वर्कशॉपमध्ये कबड्डी रंगली होती. शेजारच्या दोन गावांतल्या पोरांनी चौकोन पाहून ते मैदानच मानले होते. आमच्याच डब्यातली फक्की घेऊन मधोमध एक ठसठशीत रेषाही त्यांनी मारली होती; आराखड्यात ती कुठेच नव्हती. आम्ही व्हरांडा म्हणून आखलेल्या पट्ट्यात चारही बाजूंनी लोक मांडी ठोकून बसले होते. त्यांत आमच्या बाईही होत्या, कुणीतरी दिलेले शेंगदाणे खात.

भाऊ आले ते कडाडतच. "कुणी घातला रं हा गोंधळ?"

"तुमीच आखून दिलंत ना, भाऊ?" एक खेळाडू दम खात म्हणाला. "आमाला वाटलं, स्पर्धा हाय तुमची."

भाऊंनी तोंड उघडले, पण तेवढ्यात चढाई सुरू झाली. "अरं, पाय धर त्याचा, पाय! कंबर काय धरतोस?" ते ओरडले आणि अधू गुडघा सांभाळत खालीच बसले. विश्वस्तही नाइलाजाने टेकले. डाव संपल्यावर बाईंनी विचारले, "भाऊ, तुम्हांला कबड्डी शिकवली कोणी?"

"कोन शिकवनार? कडंला बसून बघितली. मग एक दिस आत शिरलो."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझे घोकलेले भाषण कुठल्या कुठे गेले होते, तोंडातून एवढेच निघाले, "मग वर्कशॉपच्याही कडेला बसायला जागा हवी, भाऊ. मागे नेलं तर बघायला कोण जाईल?"

भाऊंनी त्या कडेच्या माणसांवरून नजर फिरवली. "मास्तर, बोलता की तुमी!" ते म्हणाले. "ऱ्हाऊ द्या मधीच. पर पोर्च लहान तरी द्या." बाईंनी लगेच मान डोलावली आणि फक्कीचा डबा माझ्या हाती दिला. "आखा, कडेला बसायच्या पायऱ्या." पोरांची मधली रेषा मात्र त्यांनी पुसू दिली नाही. आज वर्कशॉपमधली यंत्रांमधून जाणारी वाट आहे ती तीच.

उद्घाटनाला बाई गेल्या नाहीत. झालेल्या इमारतीत आपले काय काम, हे त्यांचे ठरलेले उत्तर. पुढे एकदा साध्या कामाच्या दिवशी आम्ही दोघे गेलो आणि वर्कशॉपच्या कठड्यामागच्या पायरीवर बसलो. वेल्डिंग करणारी एक मुलगी हातातले काम थांबवून धावत आली. "आजी, तिकडं नुसतं बगू नको गं, डोळं चुरचुरतील," म्हणत तिने काळी काच बाईंच्या हातात कोंबली. बाईंनी ती शहाण्या मुलीसारखी डोळ्यांपुढे धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. "बघितलंत?" एवढेच त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. डबा माझ्याकडे आला. परवा कर्जतजवळच्या एका नव्या जागेवर विश्वस्त मंडळी जमली होती. घसा नेहमीसारखाच कोरडा पडला. मी वाकून फक्कीची पहिली रेघ ओढली, उभा राहिलो आणि अध्यक्षांना म्हणालो, "साहेब, तुम्ही लेथ मशीन. हलू नका."